फेसाचे माप

शाळेच्या पुस्तकात आपण ‘दुष्फेन पाणी’ असा शब्द शिकतो. त्यातला ‘फेन’ म्हणजे फेस. पाण्याचा गुण साबणाच्या फेसावरून ओळखणे ही धुणेवालीची परीक्षा. तिला अचूक मापाचे रूप १८४१ च्या सुमारास अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी दिले. त्यांच्यापुढे प्रश्न होता लंडनच्या पाण्याचा.

थेम्सच्या खोऱ्यात खडूच्या दगडाचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. एरवी पाण्यात न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मग बायकार्बोनेट होऊन विरघळते. असे पाणी दिसायला नितळच. पण साबण लावताच कॅल्शियम त्यातील सोडियमची जागा घेते आणि चिकट पांढरा साका धरतो. पाण्यातले कॅल्शियम असे संपेपर्यंत फेस येत नाही, म्हणजे तोवरचा साबण फुकट. ठरावीक तीव्रतेचे साबणाचे द्रावण किती घातल्यावर फेस टिकतो, यावरून क्लार्क यांनी कठीणता मोजली. ७०,००० भाग पाण्यात एक भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम, हा त्यांचा एक अंश.

१८४१ मध्येच त्यांनी उपायाचे पेटंट घेतले: चुन्याचा दोष चुन्यानेच काढायचा! चुन्याची निवळी पाण्यात मिसळली की ती बायकार्बोनेटमधला जादा कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि दोन्हीकडचा चुना खडू होऊन तळाशी बसतो. सल्फेटमुळे आलेली कठीणता मात्र याने जात नाही.

तेव्हा ब्रिटनमध्ये साबणावर कर होता. तो १८५३ मध्ये उठला. त्यामुळे प्रत्येक वाया गेलेली वडी गरिबाला दुप्पट बोचे. १८५० मध्ये सरकारी आरोग्य मंडळाने साबणाचा हा अपव्यय मांडून, थेम्स सोडून सरे परगण्यातील वालुकामय भागाचे सुफेन पाणी आणण्याची शिफारस केली. ती बाजूला पडली. १८५२ च्या कायद्याने पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडेच ठेवला. थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यावरून घ्यावे आणि गाळून द्यावे, असे बंधन मात्र घातले. घाणीची दखल घेतली गेली, कठीणतेची राहिली.

पाणी मऊ करण्याचा खर्च कंपनीच्या वहीत पडणार होता. वाया जाणारा साबण धुणाऱ्या घराच्या. मापाने नुकसान किती ते सांगितले. ते कोणी भरायचे, हे ठरवणे मापाच्या हाती नव्हते. लंडनच्या नळांना आजही कठीणच पाणी येते.