"सगळं निघून जातं" : बाबांच्या पाठीतले पांढरे थेंब आणि एमआरआयचं इंजेक्शन

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा. पण घरात कुणाचा एमआरआय व्हायचा असेल तर आधीच वाचून घ्या.

गेल्या महिन्यात हिच्या डोक्याचा एमआरआय काढायला धंतोलीत गेलो होतो. सकाळचे आठ वाजले होते. बाहेर तर्री-पोह्याच्या गाडीवर गर्दी, आत आमच्यासारखे दहा-बारा जण मांडीवर फायली घेऊन बसलेले. एक पोरगा फॉर्म घेऊन आला. "कॉन्ट्रास्ट द्यायचं आहे काका, इथं सही करा."

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. औषधाचं नाव कुठंच नव्हतं.

"कोणतं औषध आहे?"

"कॉन्ट्रास्ट."

"हो, पण त्याला नाव असेल ना काही?"

पोरगा हसला. "काहून टेन्शन घेऊन राहिले काका? चोवीस तासात लघवीवाटे सगळं निघून जाते."

पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. १९७६ साली, याच शहरात, माझ्या वडिलांच्या बाबतीत.

बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वजन उचलून उचलून कंबर गेली, डावा पाय बधिर व्हायला लागला. तेव्हा आपल्याकडे एमआरआय नव्हतं. मणक्यात नस कुठं दबली आहे हे पाहायचं तर मायलोग्राम करत. पाठीत सुई टोचून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडायचं, टेबल वरखाली तिरपं करून ते पुढंमागं सरकवायचं आणि एक्स-रे काढायचे. त्या औषधाचं नाव मायोडिल. आयोडीन मिसळलेलं तेल ते. तपासणी झाली की सुईनं जमेल तेवढं परत ओढून घेत. उरलेलं? "निघून जातं हळूहळू," असं आईला सांगितलं गेलं. मी तेव्हा आठवीत होतो, दाराशी उभा होतो.

२००४ साली बाबा बाथरूममध्ये पडले. कंबरेचा एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "आजोबांना कधी बंदुकीचे छर्रे लागले होते का?"

मणक्याच्या खालच्या भागात पांढरेशुभ्र थेंब दिसत होते. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिओलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "मायोडिल आहे. बऱ्याच वर्षांनी पाहिलं."

अठ्ठावीस वर्षं ते तेल बाबांच्या पाठीत होतं. पायाची आग त्यांना शेवटपर्यंत होती. ती तेलामुळं की मुळातल्या दुखण्यामुळं, हे सांगायचं तर जुना कागद हवा होता. कागद नव्हता. १९७६ ची फाइल ना आमच्याकडं होती, ना जिथं तपासणी झाली तिथं.

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हणून सवयीनं या "निघून जातं"चा इतिहास शोधत बसलो.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. हाडं दिसायला लागली, पण रक्तवाहिन्या, आतडी, मेंदू यांची नुसती सावली. मग ज्यातून एक्स-रे पार होत नाही असं काहीतरी शरीरात भरायचं, म्हणजे त्या जागेचा आकार उमटतो. ही झाली कॉन्ट्रास्टची साधी कल्पना. पोटासाठी बेरियम आलं, रक्तासाठी आयोडीनची औषधं आली. पण सुरुवातीची आयोडीनची औषधं अंगात आग करत, माणूस टेबलावर ओरडायचा.

अशा वेळी, १९३० च्या सुमारास, जर्मनीतून थोरोट्रास्ट आलं. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले. थोरियम म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगायला नको. लग्नाच्या वरातीत डोक्यावर जे पेट्रोमॅक्स असायचे, त्यांच्या मॅन्टलचा पांढरा उजेड थोरियमचाच. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू याच थोरियमसाठी १९०९ नंतर युरोपात जाऊ लागली होती.

थोरोट्रास्ट दुखत नव्हतं, उलटी होत नव्हती, चित्र सुंदर यायचं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे जगात पहिल्यांदा काढणारे लिस्बनचे एगास मोनिझ यांनीही १९३१ पासून तेच वापरलं. अडचण एकच होती, पण भयंकर. थोरियम किरणोत्सारी आहे आणि ते शरीरातून बाहेर पडत नाही. यकृत, प्लीहा आणि हाडाच्या मगजातल्या पेशी ते कण गिळून बसतात आणि ते कण जन्मभर आतून किरणं सोडत राहतात. थोरियम निम्मं व्हायला १४०० कोटी वर्षं लागतात.

धोका कुणाला कळला नव्हता असंही नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध समितीनं १९३२ मध्येच सावध केलं होतं. पण पेशंट त्या वर्षी ठणठणीत होता, पुढच्या वर्षीही ठणठणीत होता. ज्या १९४७ साली आपलं मेडिकल सुरू झालं, त्याच वर्षी अमेरिकेत थोरोट्रास्ट दिलेल्या पेशंटच्या यकृतातल्या दुर्मिळ कॅन्सरची नोंद छापून आली. तोवर जगभर लाखो लोकांना ते टोचून झालं होतं. कॅन्सर यायला वीस-तीस वर्षं लागत होती. हे पक्कं कसं ठरलं? जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथं जुन्या दवाखान्यांच्या वह्यांतून थोरोट्रास्ट मिळालेल्यांची नावं शोधून काढली आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्या वह्या जपल्या होत्या, म्हणून कळलं.

मायोडिलचंही थोडंफार तसंच झालं. १९४४ पासूनचं तेल. वर्षाला जेमतेम एक मिलीलिटर शरीरातून कमी व्हायचं. काही लोकांच्या मज्जारज्जूभोवतीचं आवरण सुजून नसा एकमेकींना चिकटायच्या. पाण्यात विरघळणारी चांगली औषधं आली तसं ते मागं पडलं.

आता येऊ धंतोलीतल्या इंजेक्शनकडं. एमआरआयमध्ये जे देतात त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. किरणोत्सारी नाही, थोरोट्रास्टशी त्याची बरोबरी करू नका. पण सुटा गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या जवळपासचा, त्यामुळं शरीरातल्या कॅल्शियमच्या वाटा तो अडवतो. म्हणून त्याला एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून टोचतात. साठ किलोच्या माणसाला साधारण बारा मिलीलिटर, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम धातू. किडनी चांगली असेल तर बहुतेक सगळं खरंच चोवीस तासात बाहेर पडतं. तो पोरगा खोटं बोलत नव्हता.

प्रश्न उरलेल्याचा आहे. अमेरिकेत १९८८ ला परवानगी मिळाली तेव्हा हे औषध फार सुरक्षित मानलं गेलं. १९९७ पासून डायलिसिसच्या काही पेशंटांची कातडी लाकडासारखी कडक व्हायला लागली, सांधे आखडले, काही दगावले. कारण कळेना. २००६ मध्ये ऑस्ट्रियातले ग्रोबनर आणि पाठोपाठ डेन्मार्कचे डॉक्टर यांनी बोट दाखवलं ते गॅडोलिनियमवर. किडनी बंद असल्यानं औषध अंगातच फिरत राहत होतं आणि पिंजरा सुटत होता. मग किडनी तपासून, औषध निवडून द्यायला सुरुवात झाली आणि हा आजार जवळजवळ थांबला.

नंतर जपानमध्ये कांदा आणि सहकाऱ्यांना दिसलं की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूचे काही भाग साध्या एमआरआयमध्येही उजळ दिसतात. २०१५ मध्ये मेयो क्लिनिकनं (आपलं मेयो नव्हे, अमेरिकेतलं) मृत्यूनंतर तपासणी करून मेंदूत खरंच गॅडोलिनियम असल्याचं दाखवलं. यातल्या लोकांच्या किडन्या बऱ्या होत्या. हाडात ते राहतं हे त्याआधीच दिसलं होतं, खुब्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या हाडांतून.

पिंजरे दोन प्रकारचे आहेत. एक उघड्या टोकांचा, त्याला लिनिअर म्हणतात. दुसरा सगळीकडून बंद कड्याचा, तो मॅक्रोसायक्लिक. लिनिअर जास्त मागं उरतो. २०१७ मध्ये युरोपनं गॅडोडायामाइडसारखी काही लिनिअर औषधं शिरेतून देणं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं सगळ्याच गॅडोलिनियम औषधांवर "शरीरात उरतं" असा इशारा छापायला लावला. किडनी चांगली असलेल्यांना या उरण्यामुळं अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून कृपा करून कुणी "मास्तर म्हणाले इंजेक्शन घेऊ नका" असं फिरवू नका. गाठ, सूज, इन्फेक्शन शोधायला हे लागतंच. डॉक्टरांनी सांगितलं तर घ्या. मी एवढंच म्हणतो:

१. औषधाचं नाव विचारा. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही बंद पिंजऱ्याची.
२. आधी क्रिएटिनिन तपासलं का ते विचारा. डायलिसिसवर असाल तर स्वतःहून सांगा.
३. वारंवार एमआरआय होत असेल तर प्रत्येक वेळी कॉन्ट्रास्ट लागतंच का, हे डॉक्टरांना विचारा.
४. औषधाचं नाव, मात्रा, तारीख रिपोर्टवर लिहून घ्या. रिपोर्ट जपा.

आणि आपल्या सरकारी, खाजगी सगळ्याच केंद्रांना विनंती आहे. संमतीच्या फॉर्मवर आणि रिपोर्टवर औषधाचं नाव आणि मात्रा छापा. एका ओळीचं काम आहे. त्या ओळीसाठी पेशंटला हुज्जत घालावी लागू नये.

त्या दिवशी मी हट्ट धरला. पोरगा आत गेला आणि औषधाचं खोकं घेऊन आला. बंद पिंजऱ्याचंच होतं. हिचं क्रिएटिनिन महिन्यापूर्वी केलेलं, ठीक होतं. मी खोक्यावरचं नाव, बॅच नंबर, मात्रा फायलीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि सही केली. मागच्या बाकावरच्या एका बाईनं विचारलं, "काय लिहून राहिले भाऊ?" सांगितलं. तिनंही पेन मागितला.

बाबांची २००४ ची फिल्म अजून माझ्याकडं आहे. तुमच्या घरात कुणाच्या जुन्या एक्स-रेत असे थेंब दिसले असतील, सत्तर-ऐंशीच्या दशकात पाठीत सुई टोचून तपासणी झाली असेल, तर खाली लिहा. पेशंटचं नाव नको. साल आणि गाव पुरे.