झोपेतून न उठणारे यंत्र

लॅपटॉपचे झाकण मिटले की तो निजतो आणि उघडले की जागा होतो. यात इतिहास तो कसला, असे श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात येईल. इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे तह, लढाया आणि राजवटी उभ्या राहतात. तेव्हा व्याख्यात्याने झाकणाची गोष्ट काढावी, हे थोडे चमत्कारिक आहे खरे. परंतु लिनक्स या संगणकप्रणालीत हे मिटणे-उघडणे बिनबोभाट व्हावे म्हणून देशोदेशींच्या माणसांनी वर्षानुवर्षे खर्ची घातली आहेत. त्यांची अडचणही मोठी विलक्षण होती. चोरी झाली, पण साक्षीदारही चोरीला गेला, अशातली ती होती.

प्रथम ही झोप म्हणजे काय ते पाहू. यंत्र निजते तेव्हा प्रोसेसर, डिस्क, पडदा सारे बंद होते. तेवढ्या स्मृतीला, म्हणजे रॅमला, विजेची बारीक धार चालू राहते. पण त्याआधी पुष्कळ आवराआवर असते. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो चालू कामे जागच्या जागी गोठवतो. मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगतो, की बाबा रे, आपली स्थिती टिपून ठेव आणि नीज. जाग येताना हाच क्रम उलटा. लग्नघरातला मांडव उतरवणे सोपे. तोच मांडव अंधारात, त्याच खुंट्यांवर, क्षणार्धात पुन्हा उभारायचा म्हणजे काय होते, ते ज्याने उभारला त्यालाच ठाऊक.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची पद्धत काढली. तीत बहुतेक कारभार यंत्रातल्या बायॉसकडे असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणली आणि कारभार संगणकप्रणालीकडे आला. लिनक्सच्या वाट्याला हे नवे ओझे आले. स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवून वीज पुरती तोडण्याचा दुसरा मार्ग होता. त्यावर गाबोर कुती आणि पावेल माखेक यांनी १९९८ पासून काम केले, आणि २००२ साली ते कर्नेलमध्ये आले. त्याच्या माहितीपत्रकात ठळक ताकीद होती: निजणे आणि उठणे यांच्या मध्ये डिस्कला हात लावाल तर आपल्या माहितीला मुकाल. कारण उठलेल्या स्मृतीला डिस्क जुनीच वाटते, आणि त्या जुन्या समजुतीवर ती लिहू लागते. तेव्हा पणाला लागत होते ते लोकांचे लिहिलेले, साठवलेले, वर्षानुवर्षांचे.

आता मुख्य अडचण. यंत्र उठता उठता मध्येच अडकले. पडदा काळा, कारण पडद्याचा ड्रायव्हर अजून उठायचा आहे. डिस्कवर काही नोंदवावे, तर तीही निजलेली. पूर्वी अशा वेळी सीरियल तारेने दुसरे यंत्र जोडून निरोप वाचत. पण लॅपटॉपांवरून ते छिद्रच नाहीसे होत चालले होते. शेवटी माणूस बटण दाबून धरतो, वीज जाते, आणि स्मृतीत जी काही नोंद असेल तीही जाते. वीस-पंचवीस उपकरणांपैकी कोण अडला, हे सांगणारे कोणी उरत नाही.

२००६ साली लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी यावर तोड काढली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी ज्यातले मूल्य टिकते असे एकच अंग त्यांना सापडले. ते म्हणजे घड्याळ! घड्याळाच्या चिपमध्ये ११४ बाइटांची जपणुकीची जागा होती खरी, पण सुरू होतानाच्या तपासणीत ती पुसली जाई. उरली ती नुसती तारीख आणि वेळ. म्हणून त्यांनी तारखेतच निरोप लपवला. सेकंद घेता येत नाहीत, कारण ते पळत असतात. मिनिटे तीन-तीनच्या टप्प्याने घ्यायची, म्हणजे २०. तास २४, महिने १२, वर्षे १००. आणि दिवस २८च, कारण तेवढे कोणत्याही महिन्यात सापडतात. गुणाकार होतो १,६१,२८,०००. एवढ्यात सगळा निरोप बसवायचा. त्याचे त्यांनी तीन भाग केले: एक १६चा, एक ९९७चा, एक १००९चा. गुणून पाहा, १,६०,९५,५६८ येतात. जागा जेमतेम पुरली. ९९७च्या भागात कर्नेलच्या लिखाणातली जागा, १००९च्या भागात उपकरणाची खूण.

यंत्र उठू लागले की प्रत्येक पायरीला कर्नेल घड्याळात नवी तारीख भरी. अडकले की बटण दाबून बंद करायचे आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचे. मग ती भलत्याच सालातली तारीख उलट सोडवून कर्नेल संशयिताचे नाव सांगे. कधी एकाच आकड्याखाली दोन उपकरणे येत, तेव्हा तर्क आपला आपण लढवायचा. पंचांगात भविष्य पाहणारे आपल्याकडे उदंड. भूतकाळ वाचण्यासाठी तारीख पाहणारा मला तरी हा पहिलाच भेटला. टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या या युक्तीच्या माथ्यावर स्वतःच तीन वेळा ‘भयानक’ असा शेरा मारला आहे. मला तो शेरा युक्तीइतकाच आवडतो.

पुढे राफाएल व्हिसोत्स्की यांनी कामाला शिस्त लावली. निजण्याच्या पाच पायऱ्या, पहिलीपर्यंत जा, पाच सेकंद थांबा, परत या, मग दुसरीपर्यंत. जिथून परत येता येत नाही तिथे दोष. यामुळे घरी बसलेला सामान्य मालकही आपल्या यंत्राचा रोग निश्चित करू लागला. हा मला फार मोठा फरक वाटतो, कारण लॅपटॉपांच्या जाती असंख्य आणि प्रत्येकीचे खोड निराळे. सगळ्या जाती एका माणसाच्या मेजावर येणे शक्यच नव्हते.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. यंत्राचा बायॉस प्रणालीला विचारतो, तू कोण? कारखान्यात बहुतेक सारी परीक्षा विंडोजवर झालेली. तेव्हा ‘मी लिनक्स’ म्हणावे तर यंत्र न तपासलेल्या आडवाटेने जायचे. म्हणून २००७ मध्ये लिनक्सने आपले नाव विचारले असता ‘नाही’ आणि विंडोजचे विचारले असता ‘होय’ म्हणायचे ठरवले. धर्मराजाने निदान ‘नरो वा कुंजरो वा’ पुटपुटले होते.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर निराळीच झोप आली. तिच्यात यंत्राची वीज तुटत नाही, प्रत्येक अवयव आपापल्या जागी स्वस्थ पडतो. लिनक्सने २०१३ मध्ये याच तऱ्हेची सोय केली. पुढे पुष्कळ नव्या लॅपटॉपांतून जुनी झोप काढूनच टाकली गेली. आता एखादाच अवयव हट्टाने जागा राहिला की पिशवीतला लॅपटॉप तापतो आणि घरी पोचेतो बॅटरी रिकामी. झोपलेल्याला उठवता येते, सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. पूर्वीची तक्रार होती, यंत्र उठत नाही. हल्लीची आहे, ते झोपतच नाही. त्यासाठी शोधाची साधने निराळी लागतात, आणि ती घडतही आहेत. टोरव्हाल्ड्स यांची घड्याळाची युक्ती मात्र कर्नेलमध्ये अजून आहे. ती चालू केली की यंत्र बजावते: तारीख आणि वेळ बदलेल, नंतर आपल्या हाताने पुन्हा लावून घ्या.