शांता आपटे : एका नकाराचा इतिहास

आपल्याकडे जुन्या नटींचें स्मरण बहुधा दोन प्रकारांनीं होतें. कोणी त्यांच्या रूपाची वाखाणणी करितो, कोणी त्यांच्या गळ्याची. शांता आपटे यांच्या वांट्याला या दोन्ही गोष्टी आल्या. परंतु त्यांचें खरें महत्त्व मला त्यांच्या ‘नाहीं’ या शब्दांत दिसतें. हा शब्द त्यांनीं तीन ठिकाणीं उच्चारला. प्रथम १९३७ सालीं चित्रपटाच्या पडद्यावर, नंतर १९३९ सालीं कंपनीच्या फाटकापाशीं, आणि पुढें १९४० सालीं एका पुस्तकांत. या तीन नकारांचें परस्परांशीं नातें काय, आणि समाजानें त्यांतला कोणता मनांत जपला व कोणता विस्मृतींत जाऊं दिला, एवढेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा. सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी हें त्यांचें जन्मगांव. लहानपणीं त्यांना पंढरपुरास गायनाचें शिक्षण मिळालें. त्या वयांत आल्या तों आपल्या देशांतला मुका चित्रपट बोलूं लागला होता. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, म्हणून तें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत दुर्गाबाई खोटे यांनीं तीच तारामती उभी केली, आणि सुशिक्षित घरांतील स्त्रियांना पडद्याची वाट थोडीशी मोकळी झाली. त्याच वर्षीं भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ बोलपटांत सोळा वर्षांच्या शांताबाई राधा होऊन आल्या. मुंबईंत तो बोलपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. पार्श्वगायनाची सोय तेव्हां रूढ झालेली नव्हती. जिनें अभिनय करावयाचा तिनेंच कॅमेऱ्यासमोर गावयाचें, असा प्रघात होता.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनींत त्या आल्या आणि १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’ मध्यें लोकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या गाण्याची तऱ्हा निराळी होती. रंगभूमीवरील गायिका बहुधा एका जागीं स्थिर राहून पद म्हणत. चेहरा शांत, नजर समोर, सगळा जीव सुरांत. शांताबाई गातांना त्यांचे डोळे बोलत, हात बोलत, मान डोले. गाणें हें संवादाचेंच पुढचें पाऊल आहे असें पाहणाराला वाटे. ‘अमरज्योति’ व ‘गोपालकृष्ण’ हे बोलपटहि त्यांचेच. पण त्यांचें नांव घेतांच डोळ्यांपुढें उभा राहतो तो १९३७ सालचा ‘कुंकू’. हिंदींत तो ‘दुनिया न माने’ या नांवानें निघाला.

नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनीं हा बोलपट सिद्ध केला. नीरा ही पोरकी मुलगी. मामा तिला फसवून, पैशाच्या लोभानें, काकासाहेब नांवाच्या म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यांत बांधतो. लग्न लागतें, परंतु नीरा त्या लग्नाला मनानें कधींच मान्यता देत नाहीं. ती विहिरीला जवळ करीत नाहीं, माहेरीं पळून जात नाहीं. त्याच घरांत राहून, डोळ्याला डोळा भिडवून, ती आपला नकार चालवितें. अंगचटीला येऊं पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीचा प्रसाद देते. केशवराव दाते यांनीं उभे केलेले काकासाहेब हे दुष्ट नाहींत, दुबळे आहेत. म्हणूनच नीरेचा नकार अधिक बोंचतो. शेवटीं त्यांना आपल्या अन्यायाची जाणीव होते आणि स्वतःचा जीव देऊन ते तिला मोकळी करितात. या बोलपटाला पार्श्वसंगीताची झालर मुळीं नाहीं. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, ग्रामोफोनचे सूर, असे प्रसंगांतलेच आवाज ऐकूं येतात. मराठमोळ्या घरांतील ही नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविताहि गाऊन दाखविते, आणि तें कानाला खटकत नाहीं.

विषय अर्थातच नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध त्यानें महाराष्ट्राचें मन हालविलें. परंतु दोन नायिकांमधील अंतर लक्षांत घ्यावें. शारदेचें लग्न मोडतें तें वधूवर सगोत्र निघाल्यामुळें. म्हणजे शास्त्रच मदतीला येतें. नंतर ती जीव द्यावयास निघते, आणि कोदंड तिला वांचवितो. नीरेला सोडवावयास शास्त्र येत नाहीं आणि कोदंडहि येत नाहीं. तिच्या बाजूनें उभी राहते ती काकासाहेबांची विधवा मुलगी सुशीला, आणि तें काम शकुंतलाबाई परांजपे यांनीं केलें आहे. मधल्या काळांत १९२९ चा शारदा कायदा झाला होता. पण त्यानें मुलीच्या वयाची खालची मर्यादा चौदा वर्षें ठरविली, वराच्या वयाची वरची मर्यादा मात्र कोणतीच ठरविली नाहीं. चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलीला साठीचा नवरा कायद्यानें चालत होता. कायदा जेथें संपत होता, तेथून नीरेचा नकार सुरू होत होता.

लोकांनीं नीरेला डोक्यावर घेतलें. पुढच्या दोनच वर्षांत शांताबाईंचा दुसरा नकार आला. त्या काळच्या चित्रपट कंपन्या एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारख्या चालत. नट, सुतार, रंगारी, वादक, सगळे महिन्याच्या पगारावर. कराराची मुदत संपेपर्यंत बाहेर काम करावयाचें नाहीं. या शिस्तींतूनच प्रभातचीं उत्तम चित्रें निर्माण झालीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु कुटुंबांत हक्काची भाषा बोलतां येत नाहीं. तेथें कृपा आणि उपकार हेच शब्द चालतात. १९३९ च्या जुलै महिन्यांत शांताबाईंचा आणि कंपनीचा करारावरून तंटा झाला, तेव्हां त्या सरळ प्रभातच्या फाटकापाशीं उपोषणास बसल्या. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें राजकोटला गांधीजींचा उपवास झाला होता. उपवास हें शस्त्र देशाला परिचित होतें. पण एक नटी तें आपल्या मालकाविरुद्ध, स्वतःच्या करारासाठीं उचलते, हा देखावा नवीन होता.

दुर्गाबाई खोटे यांनीं याच पेचांतून दुसरी वाट काढिली होती. त्या एका कंपनीशीं बांधल्या न राहतां पुणें, मुंबई, कलकत्ता येथील निरनिराळ्या संस्थांत कामें करीत. हीहि स्वातंत्र्याचीच वाट; पण तिच्यांत दार ओलांडून निघून जावयाचें असतें. शांताबाई दारांतच बसल्या, आणि दोन्ही पक्षांना करार सारखाच बांधतो कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं चारचौघांत आणिला.

तिसरा नकार कागदावरचा आहे. १९४० सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांनीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. एखादी लोकप्रिय नटी पुस्तक लिहिते म्हटल्यावर वाचकाला गमतीच्या आठवणींची अपेक्षा असते. येथें तसें फारसें कांहीं नाहीं. धंद्यांत पैसा कोणाचा, सत्ता कोणाची, श्रम कोणाचे, नटनटींच्या शरीराला व मनाला येणारा थकवा कसला, याचा विचार त्यांत आहे. मला हें पुस्तक ‘कुंकू’ इतकेंच मोलाचें वाटतें, आणि त्याचें कारण साधें आहे. नीरेचे शब्द नारायणरावांनीं लिहिले, तिच्या हालचाली शांतारामांनीं आंखल्या. फाटकावरचा उपवास आणि हें पुस्तक यांना मात्र दुसरा कोणी कर्ता नव्हता.

प्रभात सोडल्यावर त्यांनीं दूरदूर कामें केलीं. १९४१ सालच्या तामीळ ‘सावित्री’ साठीं त्या तामीळ भाषा शिकल्या. त्या बोलपटांत त्या सावित्री, आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. १९४२ सालीं लाहोरच्या पांचोळींचा ‘जमीनदार’, १९४९ सालीं ‘स्वयंसिद्धा’. गुणांना उतार पडला नव्हता, पण नीरेच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हां लाभली नाहीं. २४ फेब्रुवारी १९६४ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांना पन्नाशीहि लागली नव्हती.

महिना पगारावर चालणाऱ्या त्या कंपन्या १९५० च्या सुमारास मोडकळीस आल्या आणि नटनटी स्वतंत्र झाल्या. पण कराराचा प्रश्न त्याबरोबर सुटला असें कोणीं समजूं नये. केरळ सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति हेमा यांच्या समितीचा अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत चित्रपटांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या इतर गाऱ्हाण्यांबरोबर लेखी करार नसल्याचेंहि गाऱ्हाणें आहे. पंचाऐंशी वर्षांपूर्वींचा तंटा करार पाळण्याविषयीं होता. येथें करारच हातीं नाहीं.

पुण्यांतील प्रभातच्या त्या आवारांत १९६० सालापासून चित्रपटाचें शिक्षण देणारी संस्था आहे. तेथील विद्यार्थी ‘कुंकू’ पाहतात, त्यांतील ध्वनीची व छायेची योजना अभ्यासितात, आणि तें योग्यच आहे. ज्या फाटकांतून ते ये-जा करितात त्याचाहि इतिहास त्यांना कोणीं सांगितला, तर नीरेचा अभ्यास पुरा होईल.