मागच्या बाकावरून दिसतंय का?

साठ मुलांच्या वर्गात जास्वंदीचे एक फूल साठही जणांना कसे दाखवायचे? आपल्या शाळेत याला एकच उत्तर होते : टेबलाभोवती गोळा व्हा. पुढे घुसलेल्या दहा जणांना उभ्या चिरलेल्या फुलातली पुंकेसरांची नळी दिसे, त्यांच्या मागच्यांना बाईंचा हात दिसे आणि अगदी मागे राहिलेल्यांना पुढच्यांच्या वेण्यांच्या रिबिनी. भूमितीत अडचण वेगळी. मोठ्या लाकडी कंपासने फळ्यावर काढलेला दुभाजक सगळ्यांना दिसे. पण वहीवर छोट्या कंपासचे टोक कागद न फाडता कसे रोवायचे, पेन्सिल किती बाहेर काढायची, हे सर बाकापाशी येईपर्यंत कळत नसे.

लहान गोष्ट मोठी करून दाखवायची आणि तीही घडत असताना दाखवायची, असा हा प्रश्न आहे. डॉक्युमेंट कॅमेरा हे त्याचे आजचे उत्तर. टेबलावरच्या वहीकडे, फुलाकडे किंवा हाताकडे वरून पाहणारा आणि ते चित्र त्याच क्षणी पडद्यावर पाठवणारा कॅमेरा, एवढेच हे यंत्र. पण तिथवर पोचायला सव्वातीनशे वर्षे लागली. बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यावी याची चर्चा सध्या रंगली आहे, म्हणून हा इतिहास आत्ताच लिहिते आहे.

सुरुवात दिव्यापासून होते. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये मॅजिक लँटर्नसाठी काढलेली रेखाटने आजही पाहायला मिळतात. त्यांत एक सांगाडा स्वतःची कवटी काढून हातात घेतो. तंत्र सोपे होते. काचेवर चित्र रंगवायचे, मागे दिवा ठेवायचा, पुढे भिंग. उजेड काचेतून आरपार जातो आणि चित्र भिंतीवर मोठे होऊन पडते. आपल्याकडे हे तंत्र कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी गाजवले. १८९२ मध्ये त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा भराभर बदलून ते पौराणिक कथांमधली पात्रे हलल्याचा भास निर्माण करत. ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे पडद्यावरची हलती चित्रे त्याच्या चार वर्षे आधीच मराठी माणसांच्या ओळखीची झाली होती.

वर्गाच्या दृष्टीने मात्र या कंदिलाला मोठी मर्यादा होती. चित्र आधीच काचेवर तयार हवे. बागेतून आत्ता तोडून आणलेले फूल किंवा एखाद्या मुलीने सोडवलेले उदाहरण त्यात घालता येत नसे. अपारदर्शक वस्तूच थेट भिंतीवर दाखवण्याची युक्ती गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी १७५०च्या दशकात मांडली होती. तिचा पुढचा अवतार म्हणजे एपिडायस्कोप. त्यात काचेवरचे चित्रही दाखवता येई आणि छापील पानही. पण इथे भौतिकशास्त्र आडवे आले. काचेतून जाणारा उजेड सरळ भिंगाकडे जातो; कागदावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि त्यातला अगदी थोडा भिंगाच्या वाट्याला येतो. त्यामुळे दिवा प्रखर लागे, पान तापे आणि खोलीत गडद अंधार करावा लागे. अंधारात मुलांना वहीत काही टिपता येत नाही. आणि अंधाऱ्या वर्गात साठ मुले दुसरे काय काय करतात, हे निदान आपल्या शिक्षकांना तरी सांगायला नको.

वस्तूवर कॅमेरा रोखून तिच्यातला बदल दाखवता येतो, हेही आपल्याकडे लवकर उमगले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. भांडवल देणाऱ्याला त्यांच्या कलेची खात्री पटायला तेवढे रोपटे पुरले. पण फिल्म धुवावी लागे. तास चालू असताना टिपलेले त्याच तासाला दाखवणे शक्य नव्हते.

वर्गात खऱ्या अर्थाने रुजलेले पहिले यंत्र म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, आपल्या बोलण्यातला ओएचपी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने तो सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला थ्रीएम कंपनीत रॉजर अ‍ॅपल्डॉर्न यांनी त्याचे सुटसुटीत रूप घडवले. त्यातले सपाट, रेषारेषांचे प्लॅस्टिकचे भिंग मूळच्या दीपगृहांच्या भिंगाच्या जातीचे. फ्रेनेल यांनी १८२०च्या दशकात जहाजांसाठी शोधलेली ही रचना दीडशे वर्षांत शिक्षकाच्या टेबलावर आली.

ओएचपीची खरी करामत बसण्याच्या जागेत होती. फळ्यावर लिहिताना शिक्षकाची पाठ वर्गाकडे असते. ओएचपीच्या काचेवर लिहिताना तोंड मुलांकडे राहते, खोलीत उजेड चालतो आणि लिहिणारा हात पडद्यावर दिसत राहतो. आपल्यापैकी जे इंजिनिअरिंगला गेले त्यांना सेमिनारच्या आदल्या रात्रीच्या ट्रान्सपरन्सी आठवत असतील : झेरॉक्सच्या दुकानातली रांग, पुसता न येणारे मार्कर आणि भाषणापेक्षा मोठ्याने घोंघावणारा पंखा. पण फूल, नाणे, खडकाचा तुकडा त्या काचेवर ठेवला तर पडद्यावर नुसती काळी सावली पडे.

१९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले. फोरथॉट नावाच्या कंपनीने ते मॅकिंटॉशसाठी काढले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. आज गंमत वाटेल, पण पहिल्या पॉवरपॉइंटचे काम ओएचपीसाठी कृष्णधवल पाने छापून देण्याचे होते. पुढे पाने थेट पडद्यावर आली, देखणी झाली, आणि त्या देखणेपणात हात नाहीसा झाला. उदाहरणाची पाचवी पायरी आधीच टाइप केलेली असते. बटण दाबले की येते. शिक्षक चौथ्या पायरीवर थांबून डोके का खाजवतात, ते दिसत नाही. गणित शिकताना पाहण्यासारखे असते ते नेमके तेच.

दरम्यान दुसऱ्या बाजूने वाट तयार होत होती. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. उजेडाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी ही चकती. तिच्यासाठी दोघांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. तिने एपिडायस्कोपचे जुने दुखणे मुळातून बरे केले. पूर्वी कागदावरून परतलेला उजेडच पडद्यापर्यंत न्यावा लागे. आता कॅमेऱ्याने फक्त पाहायचे. पडदा उजळण्याचे काम प्रोजेक्टर स्वतःच्या दिव्याने करतो. पाहणे आणि दाखवणे यांची फारकत झाली आणि अंधाराची गरज संपली. १९८८ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या फोटोकिना प्रदर्शनात ऑस्ट्रियाच्या वुल्फव्हिजन आणि जपानच्या एल्मो या कंपन्यांनी असे कॅमेरे लोकांसमोर आणले. अमेरिकेतल्या न्यायालयांत पुराव्याचे कागद दाखवायला एल्मोचे यंत्र इतके रुळले की तिथले वकील अशा कुठल्याही कॅमेऱ्याला ‘एल्मो’च म्हणू लागले.

हे यंत्र साध्या शाळेच्या आवाक्यात यायला आणखी एक रुक्ष वाटणारी गोष्ट घडावी लागली. २००३ मध्ये यूएसबीने जोडायच्या कॅमेऱ्यांसाठी एक समान नियमावली ठरली. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा वेगळे सॉफ्टवेअर न टाकता संगणकाला ओळखता येऊ लागला. माझे पोट सॉफ्टवेअरवर चालते, तरी सांगते : शाळेत टिकते ते यंत्र, ज्याला सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद झाल्या आणि फळा घरी नव्हता. त्या वर्षी एका शिक्षिकेचे छायाचित्र देशभर फिरले : कपड्यांच्या हँगरला चिंध्यांनी मोबाइल बांधून तो फळ्यासमोर लटकवलेला. दुसऱ्या एका छायाचित्रात दोन डब्यांवर फ्रिजमधला पारदर्शक ट्रे आडवा ठेवला होता, त्यावर मोबाइल आणि खाली वही. लोकांनी कौतुक केले ते जुगाडाचे. मला त्यात हा सगळा इतिहास दिसला. वरून पाहणारा डोळा, खाली लिहिणारा हात. महागड्या यंत्राची रचना या बाईंनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून उभी केली होती, कारण लिहिणारा हात मुलांना दिसल्याशिवाय आपण शिकवतोय असे त्यांना वाटेना.

आता मांडणीबद्दल. कॅमेरा कागदाच्या बरोबर वर, काटकोनात हवा. तिरका असला तर चौरसाचा समलंब चौकोन होतो आणि भूमितीच्या तासाला ते शोभत नाही. दिवा वरून नको, बाजूने आणि तिरका हवा. म्हणजे पुस्तकाच्या गुळगुळीत पानावरची चकाकी भिंगात शिरत नाही. फोकस एकदा जमवून कुलूपबंद करावा, नाहीतर हात मध्ये आला की कॅमेरा हाताकडे पाहू लागतो आणि अक्षरे पुसट होतात. पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी ५० निवडावे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. अमेरिकी सेटिंगचा त्याच्याशी मेळ बसत नाही.

मराठीसाठी एक खास गोष्ट आहे. उभे ए-फोर पान २९.७ सेंटिमीटर उंच असते. फुल एचडी चित्राची उंची १०८० ठिपके. म्हणजे एका मिलिमीटरला साडेतीनच्या आसपास ठिपके आले. बॉलपेनने दिलेला अनुस्वार अर्धा मिलिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके येतात, आणि ऑनलाइन तासाला चित्र दाबून पाठवताना तेही गळतात. मग ‘वंश’चा ‘वश’ होतो, आणि ३.५ चे ३५. उपाय साधा आहे : पूर्ण पान दाखवू नये, अर्धे दाखवावे. अनुस्वार लगेच दुप्पट मोठा होतो. टेबलावर रंगीत चिकटपट्टीने चौकट आखून ठेवली की कुठपर्यंत लिहायचे हे पडद्याकडे न पाहता कळते.

आता भेटीचा मुद्दा. पॅनेलला माझा विरोध नाही. नकाशे, चलच्चित्रे, तयार पाठ त्यावर छान दिसतात. पण पॅनेल एका खोलीत बसते आणि मुलांना त्या खोलीत जावे लागते. शाळेत तीन वर्गांत प्रोजेक्टर आधीच आहेत. प्रत्येकाला एक कॅमेरा आणि एक बाजूचा दिवा जोडला तर तीन वर्ग उभे राहतात. बिघडलेला कॅमेरा बदलता येतो. बिघडलेल्या पॅनेलसाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. मुख्य म्हणजे पंचवीस वर्षे खडूने शिकवलेल्या शिक्षकांना नवे काही शिकावे लागत नाही. त्यांनी वही उघडायची आणि लिहायचे. शिवाय मुलीने चुकीच्या वाटेने सोडवलेले उदाहरणही कॅमेऱ्याखाली ठेवता येते, नाव झाकून, आणि वाट कुठे वळली ते सगळ्या वर्गाला मिळून शोधता येते. हे तयार पाठात नसते.

एक अट मात्र मी घालेन. भेट दिलेल्या वस्तू कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली रजेवर जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून कॅमेरा टेबलाला पक्का बसवून द्यावा, वरची मांडणी मराठीत एका कार्डावर छापून शेजारी चिकटवावी आणि गावात राहणाऱ्या आपल्यापैकी दोघांनी पहिले सत्रभर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारावी. वर्गणीपेक्षा ही चक्कर जास्त मोलाची ठरेल.

राहता राहिला बॅचचे नाव कुठे घालायचे हा प्रश्न. पॅनेलवर मोठी पाटी मावली असती, हे खरे. कॅमेऱ्याच्या स्टँडवर जागा दोन बोटांची. बारीक अक्षरांत लिहू या. कोणाला वाचायचेच असेल तर दुसऱ्या वर्गातल्या कॅमेऱ्याखाली धरावे.