जुन्या तसबिरीतील शाल

आमच्या मालवण किनाऱ्यावरील पुष्कळ कॅथॉलिक घरांत पणजीची एखादी पिवळी पडलेली तसबीर जपलेली असते. तिच्या खांद्यावर, क्वचित डोक्यावरूनही, काही पांघरलेले दिसते. ते वस्त्र कोणते, हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही. त्यावरून त्या स्त्रीची ओळख ठरते आणि कधी चुकतेही.

पहिली फसगत रंगाची. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांच्या काचांवर तांबडा रंग उमटत नसे. त्यामुळे लाल शाल काळी दिसे, निळी पांढुरकी. केवळ छटेवरून शोक किंवा वैधव्य ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

नक्षी अधिक विश्वासाची. काश्मिरी शालीवरील कोयरी आधी आखूड, फुलांच्या झुपक्यासारखी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती लांबट होऊन पदरभर पसरली. या शालींचा मान मोठा. १८४६ च्या अमृतसर तहानुसार महाराजा गुलाबसिंग यांनी इंग्रजांना दरसाल तीन शालजोड्या द्यावयाच्या होत्या. मात्र स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील मागांवरही तीच कोयरी स्वस्तात विणली जाई. अस्सल-नक्कल उलट्या बाजूवरून कळते, आणि तसबिरीत नेमकी तीच बाजू दिसत नाही! तेव्हा ‘काश्मिरी धर्तीची’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

पंडिता रमाबाईंच्या तसबिरींतील शुभ्र वस्त्राला मात्र त्यांच्या चरित्राची साक्ष आहे. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी पांढरे लुगडे सोडले नाही. याउलट गोव्याच्या कॅथॉलिक परंपरेत सवाशिणीही देवळात जाताना पांढरी ‘ओल’ पांघरीत. तेथे पांढरा रंग वैधव्याचा नव्हे, देवळातील अदबीचा होता. वस्त्र दोन्हीकडे पांढरेच, पण अर्थ अगदी वेगळे. हा भेद छायाचित्र सांगत नाही. तो माणसे सांगतात.

अशी सांगणारी माणसे घरोघरी आता थोडीच उरली आहेत. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे, या रविवारी ती तसबीर आजीपुढे ठेवा. कोण, कोठे, कोणत्या प्रसंगी, अंगावर काय, हे विचारा आणि तसबिरीच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. आमच्या खाऱ्या, दमट हवेत कागद फार दिवस टिकत नाही. नाव नसलेली पणजी त्याहूनही लवकर परकी होते.