खेळाडू म्हणून जगज्जेते, प्रशिक्षक म्हणूनही!

कोलोन येथे ४ फेब्रुवारी २००७ रोजी जर्मनीने पोलंडला २९-२४ असे नमवून पुरुषांच्या हँडबॉलचे जगज्जेतेपद पटकावले. त्या वेळी विजयमंचावरील खेळाडूंनी नकली मिशा लावल्या होत्या. आपल्या मिशाळ प्रशिक्षकाला, हायनर ब्रँड यांना, त्यांनी दिलेली ही मानवंदना होती. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वविजेतेपद मिळविणारे ब्रँड हे पहिले ठरले.

२६ जुलै १९५२ रोजी गुमर्सबाख या छोट्या शहरात जन्मलेल्या ब्रँड यांनी तेथीलच व्हीएफएल गुमर्सबाख क्लबकडून आपली कारकीर्द गाजविली. बचाव हे त्यांचे बलस्थान. १९७८ मध्ये कोपनहेगन येथील अंतिम सामन्यात बलाढ्य सोव्हिएत संघाला २०-१९ असे हरविणाऱ्या पश्चिम जर्मन संघात ते होते. प्रशिक्षक होते व्लाडो स्टेन्झेल.

या आनंदाला पुढच्याच वर्षी गालबोट लागले. विश्वविजेत्या संघातील योआखिम डेकार्म हे ३० मार्च १९७९ रोजी हंगेरीतील तताबान्या येथे क्लबच्या सामन्यात डोक्यावर आपटले आणि १३१ दिवस बेशुद्ध राहिले. ते पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत. ब्रँड यांनी मात्र या मित्राची साथ सोडली नाही.

१९९७ मध्ये ब्रँड राष्ट्रीय प्रशिक्षक झाले, तेव्हा त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी जर्मनी पात्रही ठरू शकला नव्हता. त्यांनी बचावाच्या पायावर संघ नव्याने उभारला. तरीही २००२ च्या युरोपीय स्पर्धेत स्वीडनने, तर २००३ च्या विश्वचषकात आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाने अंतिम फेरीत जर्मनीला रोखले. २००४ चे युरोपीय विजेतेपद तेवढे हाती आले.

मायदेशातील २००७ च्या स्पर्धेतही वाट सोपी नव्हती. गटसाखळीत पोलंडकडून २५-२७ असा पराभव पत्करावा लागला. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्धची ३२-३१ ही विजयी आघाडी दोनदा जादा वेळ खेळल्यानंतर मिळाली. अंतिम सामन्यात गोलरक्षक हेनिंग फ्रित्झ जखमी होताच योहानेस बिटर यांनी गोलपोस्ट समर्थपणे सांभाळला.

२०११ च्या विश्वचषकात जर्मनी अकराव्या स्थानी घसरला आणि त्याच वर्षी ब्रँड पायउतार झाले. फ्रान्सच्या दिदिए दिनार यांनी २०१७ मध्ये असाच दुहेरी मान मिळविला. पात्रताही हुकलेला संघ हाती घेऊन, तीन अंतिम पराभव पचवून, दहा वर्षांनी त्याला जगज्जेता करणे, ही ब्रँड यांची खरी कमाई होय.