वेग, उतार आणि थांबण्याचा हिशेब

सावरगाव आणि पांढुर्णा ही जाम नदीच्या दोन तीरांवरची गावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे त्यांची नावे दूरवर गेली आहेत. परंतु या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. नागपुराहून बैतूलकडे जाणारी सडक आणि नागपूर-इटारसी लोहमार्ग येथूनच पुढे सातपुड्यात शिरतात. डोंगर चढताना वाहनाच्या यंत्राची परीक्षा होते. उतरताना मात्र ब्रेकची. ही दुसरी परीक्षा माणसाने गणिताने कशी सोडविली, हा इतिहास जाणण्यासारखा आहे.

बैलगाडीच्या काळात या गणिताची गरज फारशी भासली नाही. वेग बेताचा, आणि उतारावर गाडी रेटू लागली तर बैल अंग मागे टाकून ती तोलून धरीत. मात्र गणिताची सामग्री दूर देशी आधीच तयार झाली होती. उतरत्या फळीवरून गोळे सोडून गॅलिलिओने वेग कसा वाढतो ते मोजले व 1638 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. न्यूटनने 1687 मध्ये त्याला बलाची जोड दिली. वस्तूच्या वेगात जो बदल होतो तो तिच्यावरील निव्वळ बलामुळे. आणि ते बल म्हणजे वस्तुमान व त्वरण यांचा गुणाकार.

सावरगावजवळच्या सपाट सडकेवरील एक मोटार घेऊ. माणसांसह तिचे वस्तुमान 1200 किलोग्रॅम, वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. ब्रेक लागल्यापासून ती 40 मीटरांत थांबली. वेगाचा वर्ग 400. त्याला अंतराच्या दुपटीने, म्हणजे 80 ने भागले की 5 येतात. याचा अर्थ, प्रत्येक सेकंदाला वेग 5 मीटरने घटत होता. त्याला 1200 ने गुणले की निव्वळ बल मिळते : 6000 न्यूटन, मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून किंचित अधिक. हे बल मुख्यतः रस्ता आणि टायर यांच्यामधील घर्षणाचे असते. ब्रेक चाक अडवितो, पण गाडी थांबविते ती सडक. म्हणूनच पावसाने सडक निसरडी झाली की उत्तम ब्रेकही लंगडा पडतो.

‘निव्वळ’ या शब्दाचे खरे मोल आपल्याकडे बोरघाटाने शिकविले. मुंबई-पुणे लोहमार्गाचा हा घाट 1863 मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला 1 मीटर होता. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरते, त्यामुळे आगगाडीचे ब्रेक मोटारीइतके बल देऊ शकत नाहीत. समजा, सपाटीवर एखाद्या गाडीचा वेग ब्रेकमुळे सेकंदाला 0.5 मीटरने घटतो. वेग सेकंदाला 10 मीटर असेल तर ती 100 मीटरांत थांबेल. परंतु 37 ला 1 अशा उतारावर गुरुत्वाकर्षण तिला उलट दिशेने 0.265 ने ओढीत असते. वजाबाकी केली की हाती उरतात अवघे 0.235, आणि तीच गाडी थांबण्यास सुमारे 213 मीटर घेते. ब्रेक तेच, वेग तोच. अंतर मात्र दुपटीहून अधिक. अनावर झालेली गाडी चढाकडे वळवून थांबविणारे बाजूचे रूळ घाटात घालावे लागले, त्याचे मर्म या वजाबाकीत आहे.

पुढे 1878 मध्ये इंग्लंडात कॅप्टन डग्लस गॉल्टन यांनी वेस्टिंगहाऊस यांच्या साहाय्याने धावत्या गाडीवर प्रयोग केले. चाक पुरते जखडून रुळावर घसरू लागले की रोधक बल वाढण्याऐवजी घटते, हे त्यांतून मोजमापाने सिद्ध झाले. जोर जास्त तर परिणाम जास्त, ही समजूत त्यामुळे ढासळली. आजच्या मोटारींतील चाक जखडू न देणारी यंत्रणा याच तत्त्वावर उभी आहे.

आता पुन्हा सावरगावच्या सडकेवर येऊ. तीच मोटार ताशी 36 किलोमीटर वेगाने आली असती तर 10 मीटरांत थांबली असती; 72 ला 40 मीटर लागले; 108 ला 90 लागतील. वेग तिप्पट, अंतर नऊपट. शिवाय समोर बैल आडवा आला हे ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या अवधीत आणखी 30 मीटर सडक मागे पडते. म्हणजे एकूण 120 मीटर. चालकाचे कौशल्य, मोटारीची किंमत वा घरी पोहोचण्याची निकड यांना या समीकरणात जागा नाही. वर्ग होतो तो वेगाचा, आणि वेग तेवढा आपल्या हाती असतो. उतार लागण्यापूर्वीच तो आवरणे, हाच या साऱ्या हिशेबाचा व्यवहारातील अर्थ आहे.